रातांबे, उघाडी आणि परीक्षकांची उलटतपासणी

हवामान बदलावर उपाय सुचवणाऱ्या विद्यार्थी संघांच्या स्पर्धांविषयी मागच्या अंकात आम्ही कोकणातल्या शाळा-महाविद्यालयांकडून प्रश्न मागवले होते. पत्रं बरीच आली. एकाच वळणाची एकत्र केली, लांबलेली आखडती घेतली. नावं गाळली आहेत, ठिकाण तालुक्यापुरतं ठेवलं आहे.

प्रश्न : आमच्या आठवी-नववीच्या पाच मुलांना ‘समुद्राची वाढती पातळी’ हाच विषय घ्यायचा आहे. एवढ्या अवाढव्य विषयावर शाळेतली मुलं काय उपाय करणार?
– विज्ञान शिक्षिका, देवगड तालुका

उत्तर : त्या विषयाला आधी गाव, महिना आणि माणूस जोडून द्या, म्हणजे तो पाच मुलांच्या आवाक्यात येईल. समुद्र जगभर वर चढतोय हे परीक्षकांना ठाऊक असतं. तुमच्या गावातल्या कोणत्या खाजणात (खाडीकाठच्या सखल जमिनीत), कोणत्या उधाणाला, किती गुंठ्यांत खारं पाणी शिरतं आणि किती दिवस उभं राहतं, हे त्यांना ठाऊक नसतं. तेवढंच सांगायचं आणि त्यावर काहीतरी करून दाखवायचं.

विषय शोधायला मुलांना पाच-सहा घरी पाठवा. ‘हवामान बदललंय का?’ असं विचारू नका, त्याला सगळेच हो म्हणतात. ‘कोणतं काम पूर्वी ठरल्या वेळी व्हायचं आणि आता होईनासं झालंय?’ असं विचारा. मग उत्तरं महिन्यांनिशी येतात. एप्रिलमध्ये विहीर मचूळ होते, मेअखेर वळवात आमसुलं भिजतात, आषाढात उधाण आणि मुसळधार पाऊस एकाच दिवशी आले की भात बुडतं, दिवाळीच्या तोंडावर कापणीला आलेलं पीक आडवं होतं. यातलं एकच उचला.

हापूसच्या मोहोराचा विषय मात्र टाळा, देवगडात राहून हे ऐकायला जड गेलं तरी. कलम एका वर्षी भरघोस धरतं आणि पुढच्या वर्षी हात आखडतं, शेजारशेजारची दोन कलमं सारखी वागत नाहीत, त्यात फवारण्या आणि कल्टार या मोहोर आणणाऱ्या औषधाची मात्रा वेगळी. एका हंगामात चार कलमांवर केलेल्या प्रयोगातून काही सिद्ध होत नाही, आणि परीक्षकांत कोणी बागायतदार असला तर दुसऱ्याच मिनिटाला पकडतो.

आणखी एक. एका वर्षाच्या पावसावरून ‘हवामान बदललं’ म्हणता येत नाही. त्यासाठी निदान ३० वर्षांच्या नोंदी लागतात. हर्णै, रत्नागिरी, वेंगुर्ले इथे हवामान खात्याच्या वेधशाळा आहेत, तिथल्या आकड्यांशी आपल्या गावाची गोष्ट ताडून पाहा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला धडकलं आणि सुपारीच्या वाड्या झोपल्या. ते एक वादळ हवामान बदलाचा पुरावा म्हणून मांडू नका. ‘असं वादळ पुन्हा आलं तर आमची वाडी कशी तरेल’ हा विषय मात्र बिनधास्त घ्या. उत्सर्जन कमी करणं हा एक मार्ग आणि बदललेल्या हवेशी जुळवून घेणं हा दुसरा. शाळकरी संघांना किनाऱ्यावर दुसऱ्या मार्गात जास्त वाव आहे, कारण तिथे फरक एका हंगामात मोजता येतो.

प्रश्न : वळवात भिजू नयेत म्हणून आम्ही आमसुलांसाठी (रातांब्याच्या वाळवलेल्या सालींसाठी) सौर वाळवणी पेटी केली. प्लायची पेटी, वर काच, आत पत्र्याच्या जाळीचे तीन ट्रे, खाली-वर एकेक इंचाची दहा-दहा भोकं. वरच्या ट्रेत ७० अंश तापमान दाखवतं. सालं बाहेरून काळी-कडक होतात, आतून ओली राहतात, आणि दोन आठवड्यांत बुरशी येते. घरी खळ्यात वाळवलेली याहून बरी!
– इयत्ता नववीचा संघ, वेंगुर्ले तालुका

उत्तर : विषय फक्कड आहे, पेटी दुरुस्त करता येईल. क्रमाने पाहू.

आधी थर्मामीटर तपासा. त्याच्यावर थेट ऊन पडत असेल तर तो हवेचं तापमान सांगतच नाही, स्वतः किती तापलाय ते सांगतो. वर चार बोटं अंतर सोडून चांदीच्या कागदाची टोपी धरा आणि पुन्हा वाचा. आकडा आठ-दहा अंशांनी खाली आला तर नवल नाही.

तरीही साठच्या वर असेल तर हवा कोंडतेय. वाळवण्याचं काम उष्णतेइतकंच वाहती हवा करते. ओली हवा बाहेर गेली नाही तर पेटीचा कुकर होतो. सालीचा वरचा थर झटकन सुकून आवळतो, आतल्या पाण्याची वाट बंद होते, आणि तेच पाणी पुढे डब्यात बुरशी आणतं. एक इंचाच्या भोकाचं तोंड साधारण ५ चौरस सेंटिमीटर, म्हणजे तुमच्या दहा भोकांचं मिळून ५०. त्यावर माश्यांसाठी जाळी लावली असणार, तिने त्यातलं बरंच खाल्लं. खालची वाट दुप्पट करा, वर भोकांऐवजी चार इंची पत्र्याचा काळा रंगवलेला मीटरभर उंच धुराडा बसवा, आणि वरच्या ट्रेचं तापमान ५० ते ५५ वर येईपर्यंत वाट रुंदावत जा. धुराड्याच्या तोंडाशी अगरबत्ती धरा. धूर आत ओढला जात असेल तर हवा उलटी फिरतेय.

आता ट्रे. रातांब्याचा रस चांगलाच आंबट, वर मीठ. जस्ताच्या पत्र्यावर हे ठेवलंत तर जस्त विरघळून खाण्यात उतरतं. सालं काळी पडण्यात त्या पत्र्याचाही हात असू शकतो. ॲल्युमिनियमही नको. बांबूच्या विणलेल्या चटया किंवा स्टेनलेसची जाळी घ्या. आमसुलाचा लाल रंग ऊन आणि अति उष्णता दोन्हींनी उडतो, म्हणून जमलं तर काच ट्रेवर न ठेवता बाजूला उतरती तापणपेटी करा. खाली काळा पत्रा, वर ८-१० सेंटिमीटर जागा सोडून काच, आणि तापलेली हवा ट्रेच्या बंद, अंधाऱ्या कपाटात. मेच्या पहिल्या पंधरवड्यात आपल्याकडे दुपारचा सूर्य जवळपास डोक्यावर असतो, त्यामुळे उतार उन्हासाठी नको, हवा वर चढावी म्हणून हवा. १५-२० अंश पुरे.

आणि भरलंत किती? हा हिशोब बहुतेक संघ करतच नाहीत. समजा १ किलो ओल्या सालीत १५० ग्रॅम कोरडा ऐवज आहे. शेवटी १५ टक्के ओल ठेवायची, तर तयार माल १५० भागिले ०.८५, म्हणजे १७६ ग्रॅम. उरलेलं ८२४ ग्रॅम पाणी उडवायचंय. एक किलो पाणी उडवायला सुमारे ०.६७ युनिट ऊर्जा लागते. मेच्या स्वच्छ दिवशी एक चौरस मीटरवर साधारण ५.५ युनिट ऊन पडतं आणि साध्या पेटीत त्यातलं पाचवा हिस्सा कामी येतं असं धरलं, तर दिवसाला दीड किलोच्या आसपास पाणी उडेल. म्हणजे चौरस मीटरला दोन किलोपेक्षा जास्त सालं घालू नका. पुन्हा आगळात (रातांब्याच्या खारवलेल्या रसात) बुडवून पुटं देता, त्या प्रत्येक पुटाला नवं पाणी चढतं, तेही हिशोबात धरा. कोरडा ऐवज अंदाजाने लिहू नका. जवळच्या कनिष्ठ महाविद्यालयातल्या ओव्हनमध्ये २० ग्रॅम बारीक चिरलेली साल १०५ अंशांवर वजन हलायचं थांबेपर्यंत ठेवा.

सगळ्यात मोठा घोटाळा रात्री होतो. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढू लागतं, आणि किनाऱ्यावर रात्री ती वरच असते. दिवसभर वाळवलेलं सकाळपर्यंत अर्धं परत. पाचच्या सुमारास खालच्या-वरच्या वाटा बंद करा, सकाळी पेटी तापल्यावरच उघडा.

खळ्यातली तुलना सोडू नका, तीच तुमची खरी कसोटी आहे. एकाच दिवशी, एकाच झाडाचे रातांबे, निम्मे पेटीत, निम्मे चटईवर उन्हात. दर दोन तासांनी वजन, तेही एक ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर. किराणा दुकानातला काटा चालत नाही. असं तीन वेळा. पेटीने एक दिवस जरी वाचवला तरी तुमचा मुद्दा सिद्ध झाला, कारण वळवाआधीचा एक दिवसच घरच्या बाईला हवा असतो.

प्रश्न : बाहेरकाठ्याची (खाडीकडच्या बाहेरच्या बांधाची) धूप थांबावी म्हणून आम्ही बांधासमोर कांदळवनाची ३०० रोपं लावली. सहा महिन्यांत दहा-बाराच उरली. स्पर्धेत हे अपयश दाखवायचं कसं?
– महाविद्यालयीन संघ, गुहागर तालुका

उत्तर : दाखवाच. मात्र ‘रोपं मेली’ एवढं सांगून भागणार नाही. कुठल्या उंचीवर किती मेली हे सांगा, त्यातच उपाय दडलाय.

कांदळवन समुद्राच्या सरासरी पातळीपासून उधाणाच्या भरतीरेषेपर्यंतच्या पट्ट्यात उगवतं. त्याखालचा चिखल मोकळा दिसतो म्हणून लोक तिथेच लावतात, आणि रोप दिवसातला बराच वेळ पाण्याखाली राहून गुदमरतं. गवंड्याकडची पाण्याची नळी घ्या. बांधावरच्या एका पक्क्या दगडावर खूण करून तिथून प्रत्येक ओळीची उंची किती खाली आहे ते मोजा. मग एका उधाणाला आणि एका भांगाला (अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीला) दिवसभर बसून प्रत्येक ओळ किती तास पाण्याखाली राहते ते लिहा. जगलेली दहा-बारा बहुधा वरच्या एक-दोन ओळींत सापडतील. शेजारी आपोआप उगवलेलं जुनं तिवर (कांदळवनातलंच एक झाड) असेल तर त्याच्या बुडाची उंचीही घ्या. निसर्गाने दिलेलं उत्तर ते.

बाकीची कारणं ठरलेली. तिवराचा पाला गुरं आवडीने खातात. लाटेच्या माऱ्यात रोप मुळासकट उपटतं, आणि खोडाला कालवं-शिंपल्यांचे थर बसले की ते वाकतं. लाटेसाठी रोपांपुढे बांबू-काटक्यांची वई करा, पण भिंत करू नका. वईतून पाणी गेलं पाहिजे, जोर तेवढा कमी झाला पाहिजे, मग मागे गाळ बसतो. कांदळाची लांब शेंग असेल तर पिशवीत रोप करायची गरजच नाही. टोकाची बाजू खाली, एक तृतीयांश चिखलात, बस्स. तिवराचं बी पावसाळ्यात पडतं, तेव्हा लागवड त्याच सुमारास. आणि जिथे भरतीची वाट भरावाने किंवा रस्त्याने अडली आहे तिथे लागवडीपेक्षा वाट मोकळी करणं स्वस्त आणि खात्रीचं. बी पाण्याबरोबर येतंच.

ज्या चिखलात बायका तिसऱ्या, मुळे, कालवं या खाण्याच्या शिंपल्या काढतात तिथे मात्र एकही रोप लावू नका. परीक्षकांनी विचारलं नाही तरी गाव विचारेल.

धूप मोजायला अर्ध्या इंची पीव्हीसी नळ्या मीटरभर खोल रोवा आणि दर भांगाला किती उघडी आहे ते मोजा. नळीच्या अगदी बुडाशी पाणी खळगा करतं, म्हणून दोन्ही बाजूंना वीतभर लांब मोजून सरासरी घ्या. सरकारी चिखलात काहीही करण्याआधी वन विभागाच्या कांदळवन कक्षाची लेखी परवानगी हवी. हा कक्ष २०१२ पासून आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानंतर कांदळवनाभोवतीच्या ५० मीटरांतल्या कामांकडे फार बारकाईने पाहिलं जातं. परवानगीचं पत्र फलकावर लावा.

प्रश्न : खारबंदिस्तीच्या (खारं पाणी अडवणाऱ्या बांधाच्या) उघाडीला, म्हणजे पाणी सोडायच्या दाराला, मोटर, सेन्सर आणि सौर पॅनेल बसवून ती मोबाइलवरून उघडबंद करायची, असा आमचा प्रकल्प आहे. सेन्सर कोणता घ्यावा?
– तंत्रनिकेतनाचा संघ, रत्नागिरी तालुका

उत्तर : सेन्सर घेण्याआधी एका भरतीला उघाडीवर जाऊन उभे राहा. वरून बिजागरी असलेली झडप विजेशिवायच चालते. बाहेर पाणी चढलं की ती मिटते, ओहोटीला आतलं पाणी चढं झालं की उघडते. ६० बाय ६० सेंटिमीटरची झडप पूर्ण बुडालेली असताना दोन्हीकडच्या पाण्यात फक्त १० सेंटिमीटरचा फरक असला तरी तिच्यावर सुमारे ३६ किलोचा दाब येतो. एवढं काम समुद्र फुकट करून देतोय, तिथे खाऱ्या हवेत गंजणारी मोटर लावायची कशाला?

उघाडी बिघडते ती वेगळ्याच कारणांनी. झडपेत काटक्या, नारळाची सोडणं, पिशव्या अडकतात आणि बोटभर फट राहते. बिजागरी गंजून झडप अर्ध्यावर थांबते. कधी झडप ठीक असते, पण बाजूच्या बांधात खेकड्यांनी बिळं पाडलेली असतात आणि पाणी तिथून येतं. यातलं तुमच्या गावात काय घडतंय ते एका उधाणात कळेल. मग उपाय साधे: आतल्या बाजूला तिरकी कचराजाळी, जिच्यावरचा कचरा दाताळ्याने ओढता येईल; झडपेच्या कडेला जुन्या टायर-ट्यूबची रबरी पट्टी; बिजागरीला स्टेनलेसची दांडी आणि प्लास्टिकची बुशिंग; झडप जड असेल तर मागे प्रतिभार. प्रयोगशाळेत पाण्याच्या टाकीत एक-चतुर्थांश मापाची झडप करून किती फरकाला उघडते आणि मिटल्यावर मिनिटाला किती गळते ते मोजा.

इलेक्ट्रॉनिक्सची हौस आत भागवा: खाजणातल्या पाण्याचा खारेपणा. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रवाल्याकडचा टीडीएस पेन (विरघळलेले क्षार मिलिग्रॅम प्रतिलिटरमध्ये दाखवणारा) तिथे बरेचदा ९९९०ला अडकतो, कारण समुद्राचं पाणी ३५,०००च्या घरात असतं. नमुना डिस्टिल्ड पाण्याने दहापट पातळ करून वाचा आणि दहाने गुणा. तुलनेपुरतं हे चालतं. भातासाठी मातीतली क्षारता ३ डेसीसायमन प्रतिमीटरच्या वर गेली की उत्पादन घटू लागतं. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने काढलेल्या पनवेल-१, २, ३ या जाती याहून जास्त सोसतात. तुमच्या झडपेने हा आकडा किती खाली आला, हीच प्रकल्पाची किंमत.

प्रश्न : पऱ्याला (ओढ्याला) पूर आला की एसएमएस जाईल अशी यंत्रणा केली. टेबलावर चालते, पण एसएमएस पाठवायच्या क्षणी बोर्ड बंद होऊन पुन्हा सुरू होतो.
– अभियांत्रिकी प्रथम वर्ष, चिपळूण तालुका

उत्तर : सिम-८००एल हा एसएमएस पाठवणारा मॉड्यूल वापरत असाल तर दोष प्रोग्रॅममध्ये शोधू नका. नेटवर्कशी बोलताना तो क्षणभर २ ॲम्पिअरपर्यंत ओढतो, यूएसबी तेवढं देत नाही, व्होल्टेज बसतं आणि बोर्ड रिसेट होतो. त्याला ४ व्होल्टचा वेगळा पुरवठा द्या, अगदी पायाशी १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा, तारा जाड आणि आखूड ठेवा. हा मॉड्यूल टूजीवरच चालतो, जिओचं सिम घालून उपयोग नाही.

पातळी मोजायचा अल्ट्रासॉनिक सेन्सर साधा घेतलात तर पावसात मरतो. जलरोधक घेतलात तर पहिल्या २०-२५ सेंटिमीटरांत तो आंधळा असतो, तेव्हा कमाल पूरपातळीच्या तेवढा वर टांगा. ध्वनीचा वेग दर अंशाला सेकंदामागे ०.६ मीटरने बदलतो. दहा अंशांच्या फरकाने तीन मीटरवर पाच सेंटिमीटर चूक येते, म्हणून तापमानाचा सेन्सर सोबत हवा.

आणि मुख्य शंका चिपळूणच्या संघाला कोणीही विचारेल. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी शहरात चढलं तेव्हा वीज आणि मोबाइल दोन्ही गेले होते. तुमचा एसएमएस तेव्हा कुठून जाणार? म्हणून पाणी धोक्याच्या खुणेवर पोचायच्या आधी, चढण्याचा वेग वाढल्याबरोबर इशारा द्या, बॅटरीवरचा भोंगा ठेवा, आणि साकवाच्या (छोट्या पुलाच्या) खांबावर रंगवलेली मीटरपट्टी हवीच. सेन्सर बंद पडला तरी विजेरीच्या उजेडात ती वाचता येते, आणि सेन्सर खरं सांगतोय की नाही हेही तिच्यावरूनच कळतं.

प्रश्न : सड्यावरच्या (कातळपठारावरच्या) नव्या दहा कलमांसाठी ४ बाय १ बाय १ मीटरचं प्लास्टिक अंथरलेलं जलकुंड केलं. कलमाला आठवड्याला १० लिटर पाणी देतो. नोव्हेंबरात काठोकाठ होतं, मार्च उजाडता आटलं. प्लास्टिक फाटलं असेल का?
– कृषी पदविकेचे विद्यार्थी, राजापूर तालुका

उत्तर : बहुधा उन्हानेच प्यायलं. कुंडात ४,००० लिटर. तुमचा वापर दिवसाला १४ लिटर. चार चौरस मीटर उघड्या पाण्यातून रोज साडेचार मिलिमीटर बाष्पीभवन धरलं तर १८ लिटर, म्हणजे कलमांपेक्षा आभाळाला जास्त. मिळून ३२, चार महिन्यांत खडखडाट. वर बांबूच्या कामट्यांवर पेंढा किंवा झावळ्या घालून बाष्पीभवन निम्म्यावर आणलं तर पाणी एप्रिलच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत पुरेल, पाव हिश्श्यावर आणलं तर मृगापर्यंत.

फाटलंय का हे बघायला काठाशी भरलेली बादली ठेवा. आठवड्यात कुंडातली पातळी बादलीपेक्षा जास्त उतरली तर गळती आहे. जांभ्याच्या खड्ड्यात टोकं निघालेली असतात, प्लास्टिकखाली गवताचा किंवा जुन्या पोत्यांचा थर दिला नसेल तर ते तिथेच भोसकतं. उंदीर हे दुसरं कारण. स्पर्धेसाठी दोन कुंडं शेजारी हवीत, एक झाकलेलं, एक उघडं.

प्रश्न : काजूची बोंडं वाया जातात, त्यांचा बायोगॅस करून किती कार्बन वाचतो ते दाखवायचंय. गॅस दहा दिवस आला आणि थांबला. शिवाय कार्बनचा आकडा काढायचा कसा?
– उच्च माध्यमिक संघ, कुडाळ तालुका

उत्तर : बोंडू गोड, त्यामुळे पिंपात पटकन आंबतो आणि आम्लता वाढली की मिथेन करणारे जिवाणू काम सोडतात. पीएच कागद ६.५ च्या खाली दाखवत असेल तर बोंडू घालणं बंद, थोडी चुन्याची निवळी, शेणकाला, आणि वाट पाहणं. सुरुवात नेहमी शेण-पाणी समसमान घेऊन करा, गॅस निळा जळू लागेपर्यंत तीनेक आठवडे थांबा. पहिला गॅस जळतच नाही, त्यात कार्बन डायऑक्साइडच जास्त असतो. मग २० लिटरच्या कॅनला दिवसाला २०० ग्रॅमपेक्षा जास्त बोंडू नको. गॅस पेटवून पाहताना शिक्षक शेजारी हवेत आणि कॅन दूर. बोंडू फेब्रुवारी ते मे एवढाच मिळतो, बाकीचे महिने पिंपाला काय घालणार तेही लिहा.

आकड्यांसाठी हे पुरे: एक किलो एलपीजी जळला की सुमारे ३ किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे १४.२ किलोच्या सिलिंडरमागे ४२ किलो. डिझेलच्या लिटरमागे २.७, ग्रिडच्या विजेच्या युनिटमागे अंदाजे ०.७. एक घनमीटर बायोगॅस साधारण ०.४५ किलो एलपीजीची जागा घेतो, बचत १.३ किलो. पण त्याच घनमीटरमधला मिथेन हवेत निसटला तर शंभर वर्षांच्या हिशोबाने ११ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइडइतकं तापवतो. म्हणजे आठव्या हिश्श्याएवढा गॅस गळला की सगळी बचत पाण्यात. सांध्यांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा आणि ती नोंद आधी दाखवा. ‘शंभर झाडांनी इतके टन शोषले’ असले गुणाकार फलकावर नकोत. झाड कोणतं, किती वर्षांचं, जगलं का, हे विचारलं की ते कोसळतात.

प्रश्न : कोणत्या स्पर्धेत भाग घ्यावा?
– अनेक वाचक

उत्तर : १० ते १७ वयाच्या मुलांनी गावात पाहणी करून केलेल्या कामाला राष्ट्रीय बाल विज्ञान परिषद सोयीची, ती १९९३ पासून भरते. विद्यापीठीय संशोधनाला ‘आविष्कार’. स्मार्ट इंडिया हॅकेथॉनला सहा जणांचा संघ लागतो आणि त्यात किमान एक मुलगी. नियम दरवर्षी हलतात, त्या वर्षीचं परिपत्रक वाचूनच अर्ज भरा.

प्रश्न : मुलगा दहावीत आहे. यात वेळ घालवू द्यावा का?
– पालक, अलिबाग तालुका

उत्तर : जानेवारीनंतर नको. त्याआधी आठवड्याला चार तास, तेही नोंदी घेणारा गडी म्हणून. संघातल्या सगळ्यांना परीक्षक वेगवेगळे प्रश्न विचारतात, त्यामुळे नावापुरता राहिला तर त्याचीच पंचाईत.

प्रश्न : आमची सौर वाळवणी पेटी एसटीने जिल्ह्याच्या ठिकाणी न्यायचीय आणि प्रदर्शन सभागृहात आहे, ऊन नाही. काय करावं?
– शिक्षक, मंडणगड तालुका

उत्तर : पेटी नटबोल्टवर सुटी होईल अशी करा, खिळे नकोत, सुटे भाग गाडीत सहज मावतात. काच काढून वेगळी गादीत गुंडाळा, किंवा प्रदर्शनापुरतं पॉलिकार्बोनेटचं पान लावा. आत ५०० वॅटचा हॅलोजन दिवा लावून हवा फिरते एवढंच दाखवता येईल. ‘दिव्यावर वाळवलं’ असं चुकूनही म्हणू नका. प्लग आणि दहा मीटरची एक्स्टेंशन वायर लागेल हे आयोजकांना आधी कळवा. थर्माकोलचा डोंगर आणि निळ्या रंगाची नदी करण्यात दिवस घालवू नका. त्याऐवजी उन्हातल्या वजनांचा आलेख मोठा काढा, मूळ नोंदवही टेबलावर उघडी ठेवा, आणि पेटीतली व खळ्यातली आमसुलं दोन घट्ट झाकणाच्या बरण्यांत, तारखेची चिठ्ठी लावून. सभागृहात गर्दीची दमट हवा असते, बरण्या उघड्या ठेवल्या तर दुपारपर्यंत दोन्ही सारख्याच ओलसर होतात.